कोरी पट्टी

“लेकरांचं की मोठ्यांचं? एवढं एकच सांगा बाबा. दीडची गाडी आहे मला.”

भागूजीबाबांनी मान वर केली नाही. पुढ्यात पितळीत चिंचोक्याची खळ होती आणि मांडीवर दोन चित्रं पालथी घातलेली. एकाच्या पाठीला दुसऱ्याची पाठ लावून चिकटवायचं काम चाललं होतं.

“खळीत गुठळ्या ऱ्हायल्यात,” ते म्हणाले. “ढवळ जरा.”

उमाजीनं ढवळली नाही. अंगात पांढरा सदरा होता, कडक इस्त्रीचा. त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं आणि बाबांच्या पुढं धरलं.

बाबांचे हात खळीनं भरलेले. त्यांनी ते पुसले नाहीत आणि पुस्तकही घेतलं नाही.

पुस्तक हवेतच राहिलं…

भागूजीबाबा म्हणजे चित्रकथी. गोदावरीच्या अंगाला अजून जे दोन-चार उरले असतील, त्यातले एक. हातभर लांबीची रंगवलेली चित्रं, ओळीनं लावून फडक्यात बांधलेली, तिला म्हणायचं पोथी. पोथीत अक्षर एक नाही. देवळात बसायचं, एकेक पान लोकांपुढं धरायचं, आणि त्यात काय चाललंय ते कधी गाऊन, कधी बोलून सांगायचं. बाबांचा आजा हेच करायचा, बापही हेच करायचा. बाबा स्वतः अक्षराला अक्षर लावत कसंबसं वाचायचे. पण रूपसेन राजाची पोथी ज्यानं त्यांच्या तोंडून ऐकली, तो दुसऱ्या कुणाची ऐकायला बसत नसे. हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं ते लपवतही नव्हते.

उमाजी त्यांचा शिष्य. सहा वर्षं पायाशी बसला. रंग वाटले, खळ शिजवली, पोथी पाठ केली. मग एक दिवस उठून पुण्याला गेला तो गेलाच. त्याला अकरा वर्षं झाली.

पुण्यात आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग जाहिराती, मग कॉमिक. पानावर चौकटी पाडायच्या, चौकटीत चित्र, चित्रातल्या माणसाच्या तोंडाशी फुगा आणि फुग्यात त्याचं बोलणं. त्यात नाव झालं. दिल्लीच्या प्रदर्शनात त्याची पानं भिंतीवर लागली, पेपरात फोटो आला. आणि आता चार वर्षं मान मोडून त्यानं रूपसेन राजाची सबंध पोथी कॉमिकात उतरवली होती. दोनशे पानं. उगाच काढलेली एक रेघ नाही. ज्यांना कळतं ते पान उलटायच्या आधी बोटं धुऊन येत, असं तो सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

अडलं होतं एका पट्टीवर.

मुखपृष्ठाच्या माथ्याला दोन बोटं रुंद पट्टी मोकळी सोडली होती. तिच्यात एक शब्द छापायचा, ‘मुलांसाठी’ नाहीतर ‘मोठ्यांसाठी’. दुकानात पुस्तक कुठल्या फळीवर बसणार ते त्या शब्दावर. प्रकाशक म्हणाला, कॉमिक आहे, मुलांचंच. उमाजी म्हणाला, मी मेलो तरी नाही. दोन महिने हे चाललं. शेवटी प्रकाशक वैतागला. पोथी ज्यांची आहे त्या म्हाताऱ्यांना विचारून या, म्हणाला, ते सांगतील तो शब्द सोमवारी छापतो. मग तुम्ही बोलायचं नाही आणि मीही नाही.

म्हणून उमाजी शुक्रवारी भर दुपारी या अंगणात उभा होता. गुरूला भेटायला आला नव्हता, शब्द घेऊन जायला आला होता. हातात नमुन्याची प्रत. पट्टी कोरी.

बाबांनी लांबूनच मुखपृष्ठावरची खालची अक्षरं लावली.

“उमेश कोन?”

“मीच. तिकडं असंच लागतं.”

“उमाजी चालत न्हाई तिकडं?”

उमाजीनं पुस्तक पिशवीवर ठेवलं.

“बरं,” बाबा म्हणाले, आणि पालथ्या चित्राच्या पाठीवर खळ फिरवू लागले.

आतून गयाआई, बाबांची बायको, चहा घेऊन आली. उमाजीनं वाकून पाया पडल्यावर तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, वाळलास म्हणाली, लेकरं किती म्हणून विचारलं, आणि कपबशी हातात देता देता मनातलं बोलून टाकलं. अकरा वर्षांत एक चिठ्ठी नाही. आणि हे घरातले, तेही तसलेच. कधी कुणाला विचारलं नाही, पोरगं कसं आहे म्हणून. दोघांच्या माना सारख्याच ताठ, म्हणाली, आणि बशी पुसत आत गेली.

दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

मग उमाजी बोलू लागला. उभ्याउभ्याच. चार वर्षं पोटात साठलेलं होतं सगळं. म्हणाला, तिकडं कुणाला सांगावं की मी कॉमिक करतो, तर लोक लाडानं गाल थोपटल्यासारखं हसतात. वा, पोरांसाठी काहीतरी करताय, चांगलं आहे. सासरा चारचौघांत ओळख करून देतो, आमचे जावई मुलांची चित्रं काढतात. एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठवलं आणि शेजारच्या कार्ट्याला ससा काढून द्यायला लावला.

“दिलास?” बाबांनी विचारलं.

“दिला.”

“कसा झाला?”

“ससा कसा होणार? सशासारखा झाला.”

“मग बरं.”

उमाजीला राग आला. सशावर बोलायला तो एवढ्या लांब आला नव्हता. त्यानं बोलणं पुढं रेटलं. ही कथा काय पोरासोरांची आहे का, म्हणाला. राजा बायकोचा संशय घेतो. भरल्या घरातून तिला बाहेर काढतो. पूर आलेला, नावेत एकाच जिवाला जागा. तान्हं लेकरू वाळूवर ठेवून ती नावेत चढते आणि मागं वळून बघते. त्या एका चौकटीला त्यानं चाळीस दिवस घेतले होते. ती चौकट ड्रॉइंगच्या वह्यांशेजारी टांगायची? तिच्यावर पोरांनी खडू फिरवायचे?

“हे मोठ्यांचं आहे बाबा. तुम्ही फक्त हो म्हणा. पोरांना यातलं काय कळतंय? पोरं हसतात तिथं.”

बाबांचा हात थांबला.

“हसत्यात?”

“हसली होती.”

“कवा?”

उमाजीनं कपबशी खाली ठेवली…

आता हे सांगायचं तर आधी चित्रकथ्याचं एक दुखणं समजून घ्यायला हवं. पोथीच्या प्रत्येक पानाला दोन्ही अंगांनी चित्र असतं, पाठीला पाठ लावून चिकटवलेलं. पान लोकांकडं तोंड करून धरायचं. म्हणजे जे चित्र सांगायचं, ते सांगणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं मागचं, पुढं यायचं असलेलं किंवा होऊन गेलेलं. रूपसेनाच्या पोथीत एका अंगाला लग्नाची वरात आणि दुसऱ्या अंगाला पुराची नदी, असं एक पान आहे. लोक वरात बघतात तेव्हा सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नदी असते. वरात संपली की पान फिरवायचं. नदी लोकांना द्यायची, आणि आपल्या वाट्याला वरात घेऊन नदीचं दुःख सांगायचं. वर आणि हात मागून पुढं न्यायचा, आणि न बघता बोट नेमकं राणीच्या डोळ्यांवर टेकवायचं. या बोटापायीच सहा वर्षं जातात. रंगवायला काय, वर्षा-दीड वर्षात येतं.

उमाजी एकोणीस वर्षांचा होता तेव्हा बाबांनी त्याला पहिल्यांदा लोकांपुढं बसवलं. गावदेवीच्या यात्रेचा दुसरा दिवस, देवळाचा मंडप, दुपारची वेळ. बाबांनी आपली बैठक त्याला दिली आणि स्वतः त्याच्या मागं, खांबाला टेकून बसले. पुढच्या ओळीला पोरं, त्यांच्या मागं बायका, त्यांच्या मागं म्हातारे. उमाजी असा काही सांगत गेला की पोलीस पाटलानं विडा तोंडात धरला तो चावला नाही. नदीच्या जागी तर सगळा मंडप रडला. बायांचे पदर डोळ्यांना लागले. म्हातारे खाली मान घालून बसले. शेवटी पाटलानं उठून स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला.

पण त्याच जागी, राणीचे डोळे दाखवताना, पुढच्या ओळीतली पोरं हसली होती.

साधीसुधी नाही. एकमेकांच्या अंगावर पडून हसली. एक तर पोट धरून लोळलं.

ते हसणं उमाजीच्या काळजात रुतलं. फेटा डोक्यावर होता, आणि कानात ते हसणं. कुणाला बोलला नाही. चौथ्या दिवशी एस.टी.त बसला. गाडी नदीचा पूल ओलांडत होती तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं की पोरांनी हात लावायचं धाडस करू नये, असं काहीतरी करून दाखवायचं.

एवढं सगळं त्यानं आज पहिल्यांदा सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला होता. जिंकून आलेल्या माणसासारखं बोलायचं त्यानं ठरवून आणलं होतं, तसं काही झालं नाही.

“म्हनून गेलास?” बाबांनी विचारलं.

“म्हणून गेलो.”

बाबा उठले. गुडघ्यांवर हात देत, सावकाश. रांजणातल्या पाण्यानं त्यांनी हात धुतले, बोटांच्या मधली खळ काढली, धोतराला पुसले. मग आत गेले.

समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली होती. पोरं हापशावर पाणी पीत होती. शेजारच्या दोघी बाया लिंबाच्या सावलीला तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या, आणि किसन म्हातारा काठी पुढ्यात धरून त्यांच्याशी बोलत होता, म्हणजे तो बोलत होता आणि त्या ऐकत नव्हत्या.

बाबा बाहेर आले ते लाल फडक्यात बांधलेली पोथी छातीशी धरून. ती बघितल्यावर कुणाला हाक मारावी लागली नाही. हापशावरची पोरं ओल्या हनुवट्यांनी पळत आली. बायांनी सुपं उचलून अलीकडं आणली. किसन म्हाताऱ्यानं कुठं बसू म्हणून विचारलं आणि उत्तर येण्याआधी बसला.

बाबांनी पोथीला हात जोडले, गाठ सोडली, आणि मधलं एक पान ओढून काढलं. उमाजीनं कडेवरूनच ओळखलं.

“बस.”

उमाजी बाबांच्या शेजारी बसायला गेला.

“हितं न्हाई. म्होरं. लेकरांत.”

“बाबा, माझी गाडी…”

बाबा तसेच पान हातात धरून थांबून राहिले.

इस्त्रीच्या सदऱ्यासकट उमाजी धुळीत बसला. शेजारी दोन वेण्यांची एक पोरगी चिंच चोखत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. सरका की काका, म्हणाली, मला दिसत नाही. उमाजी सरकला.

बाबांनी पान उचललं. वरात पुढं आली.

काय वरात होती ती. बाबांच्या आज्याच्या हातची. ढोल, तुताऱ्या, तोंडं रंगवलेले घोडे. मधोमध उंट, उंटावर नवरदेवाचा मामा, आणि मामा उंटावरून घसरतोय. धोतर सुटलेलं. भलंमोठं उघडं पोट. पागोटं घेऊन कुत्रं पळालेलं. बाबांनी मामाचं घसरणं असं सांगितलं की पोरं खिदळली आणि डाळ पाखडणाऱ्या बायाही तोंडाला पदर लावून हसल्या.

मग बाबांचा आवाज खाली आला.

पूर आला, ते म्हणाले. रात्र न् दिवस पाणी. काठावर राणी उभी, अंगावरच्या लुगड्यानिशी, कडेवर तान्हं.

उमाजी पान फिरायची वाट बघत होता.

पान फिरलं नाही.

बाबा सांगत होते. नावाडी म्हणाला, बाई, एकाच जिवाला जागा. नदीकडं बघितलं तिनं, लेकराकडं बघितलं… वाळूत हातानं खळगा केला, पदर फाडून अंथरला… मागं सुपांचा आवाज बंद पडला. बाबांच्या गळ्यातून जे येत होतं, ते ऐकायला माणसानं अकरा वर्षं थांबावं असं होतं. आणि समोर, बाबांच्या दोन हातांत, उंट होता.

“ही बगा रानी,” बाबा म्हणाले. हात मागून पुढं आला, आणि बोट नेमकं मामाच्या उघड्या पोटावर टेकलं. “हे तिचं डोळं. रडून रडून कोरडं पडल्यात.”

पोरीच्या तोंडातली चिंच उडाली.

आणि उमाजी हसला.

आवरता आवरेना. ते पोट, ते बोट, तो बाबांचा गहिवरलेला आवाज. डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी त्याच्या खांद्यावर कलंडली, तिच्यावर दुसरं एक पोर. कित्येक वर्षांत तो असा हसला नव्हता. हसता हसता, सवयीनं, मागं कोण बघतंय का म्हणून त्यानं मान वळवली.

मागं बाया डोळे पुसत होत्या. एकीची नजर सुपातल्या डाळीवर होती, पण हात चालत नव्हता. किसन म्हाताऱ्यानं काठीवर कपाळ टेकलं होतं, डोळे मिटून. पानाकडं कुणीच बघत नव्हतं. त्यांची नदी त्यांच्याजवळ होती, कितीतरी वर्षांची.

त्यातल्या एकीनं ओल्या डोळ्यांनी उमाजीकडं बघितलं. अशा जागी हसणारा हा कोण माणूस, अशा नजरेनं.

उमाजीचं हसू तिथंच संपलं.

तो पुढं वळला. उंटाकडं बघत राहिला.

“बाबा,” तो म्हणाला. “पान फिरवायचं राहिलं.”

“व्हय,” बाबा म्हणाले. “ऱ्हायलं.”

…

अकरा वर्षांमागची ती दुपार त्याच्या डोळ्यांपुढून परत एकदा गेली, पण या वेळी पुढच्या बाजूनं. नदी त्याच्यासमोर होती. काय निळी होती ती. सहा वर्षं बघून मन भरलं नव्हतं. ती दिसत होती म्हणून तर शब्द येत होते. तिच्यात तो इतका शिरला की ती लोकांना द्यायचं त्याच्याकडून राहून गेलं. मोठे ऐकत होते. बघत होती ती फक्त पोरं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“तुझ्या मागं तर बसलो होतो. नदी माझ्याबी म्होरं होती.”

“मग सांगितलं का नाही?”

“लेकरं का हसली, म्हनून तू इचारलं न्हाईस.” बाबांनी पान हळूच मांडीवर घेतलं. “म्हनलं, फेटा उतरंल तवा इचारल. आज न्हाई तर उद्या इचारल… तू गाडीत बसलास.”

“आन् हे बसले वाट बघत,” दारातून गयाआई म्हणाली. “ते इचारंना, हे सांगंना. अकरा वर्सं.”

बाबांनी तिच्याकडं बघितलं नाही. पण नाही कसं म्हणणार? ते पानाची कड अंगठ्यानं उगाच सारखी करत बसले.

उमाजी उठला. सदऱ्याची धूळ झटकली, ती गेली नाही. अशा वेळी दुसऱ्या कुणी पाय धरले असते. त्यानं नाही धरले. जो अकरा वर्षं एक गोष्ट उराशी घेऊन चालला, त्याच्या हातून ती लगेच सुटत नाही. त्यानं पुस्तक उचललं आणि पट्टीवर बोट ठेवून जरा तोऱ्यातच विचारलं, म्हणजे आता पोरांचंच म्हणायचं का हे? लिहू तसं?

“तुझं आजून ऐकलंय कुठं मी?” बाबा बाजूला सरकले. आपली बैठक त्यांनी हातानं झटकली. “सांग.”

सगळे तसेच बसून होते. पोरं तर आता हलायला तयार नव्हती. एक खेळ झाला, दुसरा होणार असं त्यांना वाटत होतं.

उमाजी बैठकीवर बसला.

त्याच्या अंगात काहीतरी चढलं. गुरूची जागा होती ती, आणि हातात चार वर्षांचं काम. दाखवतोच, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला.

आवाज मुरलेला होता. शब्द एकेक घासूनपुसून लिहिलेले. राजाच्या तोंडचा फुगा राजाच्या आवाजात, दासीचा दासीच्या. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तो वाचतच राहिला. चौकटीतल्या रेघा बघून त्याचा त्यालाच अभिमान दाटून येत होता. हा खांब बघा कसा उतरलाय. ही राणीची पाठ. असली पाठ सबंध पुण्यात कुणी काढून दाखवावी.

चिंचवाली पोरगी मान लांब करून बघत होती. तिला दिसलं ते पुस्तकाच्या पुठ्ठ्याची कड आणि उमाजीचं कपाळ. ती जरा उजवीकडं झाली. मग गुडघ्यांवर सरकत बैठकीला वळसा घालून त्याच्या मागं गेली आणि खांद्यावरून डोकावली.

तिच्या मागून दुसरं पोर गेलं. मग तिघं एकदम. मग सूप खाली ठेवून एक बाई उठली, आणि तिच्या मागून दुसरी. किसन म्हातारा कुठं गेले सगळे म्हणत काठी टेकत आला आणि काय दिसतंय गं, काय दिसतंय, म्हणून बायांना विचारू लागला.

पाचव्या पानाला उमाजीनं नजर वर केली. समोर कुणी नव्हतं. उन्हात एक कोंबडी सांडलेली डाळ टिपत होती.

मानेवर चिंचेचा वास येत होता. कानापाशी कुणाचातरी श्वास. एक काळं बोट खांद्यावरून पुढं आलं आणि पानावर टेकायला लागलं.

उमाजीनं पुस्तक झटकन छातीशी धरलं.

“समोर बसा सगळे. मागून नाही बघायचं.”

कुणी हललं नाही. समोरून दिसत नाही, असं पोरगी शांतपणे म्हणाली.

चौकात गाडीचा हॉर्न वाजला. दीडची. एकदा वाजला, परत वाजला. उमाजी तिकडं कान देऊन बसला, पण उठला नाही. गाडी गेली…

“त्यांस्नी नको बोलू,” बाबा म्हणाले. “पुस्तक फिरव.”

“फिरवलं तर मला दिसायचं नाही. फुग्यातलं वाचायचंय मला.”

“कुनी लिव्हलंय ते?”

“मीच.”

“मग?”

उमाजीनं बाबांकडं बघितलं. बाबा पितळीत बघत होते.

… …

त्यानं पुस्तक फिरवलं.

सावकाश, दोन्ही हातांनी, पूर्वी पोथीचं पान धरायचा तसं. उघडलेली पानं पलीकडं गेली. ते बघून पोरं पळत पुढं आली आणि आपापल्या जागा भांडून धरल्या. बाया बसल्या. किसन म्हातारा या वेळी पोरांच्या ओळीत येऊन बसला, आणि त्याला कुणी उठवलं नाही.

आणि उमाजीच्या डोळ्यांपुढं उरला फक्त पुठ्ठा. चाळीस दिवसांची राणी गेली. खांब गेले. चार वर्षं गेली पलीकडं. अलीकडं खाली ‘उमेश’, आणि वर ती पट्टी.

 दोनशे पानांचं पुस्तक हातांना जड लागत होतं.

“बाबा,” तो म्हणाला. आवाजातला तोरा आता गेला होता. “मला काहीच दिसत नाही आता. ही कोरी पट्टी तेवढी दिसते. हिच्यात काय लिहायचं, ते तरी सांगा.”

बाबांनी खळीची पितळी जवळ ओढली. गुठळ्या तशाच होत्या. त्यांनी त्या स्वतः ढवळायला घेतल्या.

“पट्टीच्या वरनं म्होरं बसलेल्यांकडं बग,” ते म्हणाले. “आन् सांग.”